दिवाळीच्या किल्ल्याशेजारी वाइल्डरनेसची रणभूमी कशी उभारावी

कोल्हापुरात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांच्या हाताला माती, तरट आणि हळिवाची पेरणी यांचा सराव असतो. पन्हाळा, विशाळगड, प्रतापगड हे किल्ले दरवर्षी पेठापेठांतून उभे राहतात आणि त्यांच्यासोबत इतिहासही सांगितला जातो. हेच कौशल्य परदेशातील एखाद्या लढाईच्या अभ्यासासाठी वापरायचे असेल, तर अमेरिकेच्या यादवी युद्धातील वाइल्डरनेसची लढाई घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. ५ ते ७ मे १८६४ या तीन दिवसांत व्हर्जिनियातील घनदाट रानात झालेली ही लढाई अनिर्णित राहिली. दोन्ही फौजा मिळून २८ हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली, आणि तरीही दोन्ही फौजा जवळजवळ जिथल्या तिथेच उभ्या होत्या. असा प्रसंग मातीत मांडताना नेहमीच्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

पहिली सवय उंचीची. आपला किल्ला उंच असतो, त्याचा माथा ठरलेला असतो आणि सगळी नजर त्या माथ्याकडे जाते. वाइल्डरनेसमध्ये तसा माथाच नव्हता. जमीन थोडी उंचसखल, मधूनमधून ओहोळ आणि दलदल, बाकी सगळे रान. दुसरी सवय एकच क्षण दाखवण्याची. गड सर झाला, निशाण चढले, की देखावा पूर्ण होतो. अनिर्णित लढाईत असा एक क्षण निवडता येत नाही. सकाळी मागे हटलेली बाजू दुपारी पुढे येते आणि संध्याकाळी दोघेही थबकतात. त्यामुळे हा देखावा स्थिर न ठेवता, पाहणाऱ्यांसमोर तासातासाने सैन्य हलवून दाखवावा लागतो. देखावा चांगला होणे बहुतेक याच तयारीवर अवलंबून आहे.

जागा दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असावी. पंचवीस सेंटिमीटरला एक किलोमीटर असे प्रमाण धरले की आठ किलोमीटर लांबीरुंदीचा मुलूख तिच्यात बसतो आणि लढाईची सर्व महत्त्वाची ठिकाणे त्यात येतात. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर ओले तरट आणि त्यावर चार बोटे जाडीचा मातीचा थर द्यावा. माती तांबडी घ्यावी, कारण पंचगंगेकाठची काळी माती वाळताना भेगाळते आणि मग ओढे कोणते व भेगा कोणत्या हे कळेनासे होते. तांबड्या मातीत थोडी वाळू व भुसा मिसळला तर थर धरून राहतो आणि पेरलेले बीही लवकर रुजते. चढउतार एक-दोन बोटांपेक्षा जास्त करू नयेत. मुलांना इथे डोंगर करण्याचा मोह होईल, पण त्या सपाट रानात तोफा लावायला मोकळी उंच जागाच सापडत नव्हती, हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

त्यानंतर रस्ते आखावेत, आणि हे काम घाईने करू नये. वाइल्डरनेसची लढाई म्हणजे प्रत्यक्षात दोन समांतर रस्त्यांवर जवळजवळ स्वतंत्रपणे झालेल्या दोन लढाया होत्या. पश्चिमेकडून पूर्वेकडे येणारे हे दोन रस्ते म्हणजे उत्तरेचा ऑरेंज टर्नपाइक आणि दक्षिणेचा ऑरेंज प्लँक रोड. लढाईच्या जागी त्यांच्यात सुमारे चार किलोमीटरचे अंतर होते, म्हणून आपल्या मातीत ते एक मीटर ठेवावे. टर्नपाइक रांगोळीच्या पांढऱ्या रेघेने दाखवावा. प्लँक रोडवर पूर्वी लाकडी फळ्या आडव्या टाकलेल्या होत्या, त्यामुळे खराट्याचे हीर बोटाच्या पेराएवढे तोडून ओळीने आडवे बसवले की तो रस्ता वेगळा ओळखू येतो. तिसरा ब्रॉक रोड. टर्नपाइकवरील वाइल्डरनेस टॅव्हर्न या खाणावळीजवळून निघून तो आग्नेयेकडे उतरतो, प्लँक रोडला छेदतो आणि पुढे स्पॉटसिल्व्हेनियाकडे जातो. ब्रॉक रोड आणि प्लँक रोड यांच्या चौकात एक लाल खडा पुरून ठेवावा, कारण दोन दिवसांचा सर्वांत जीवघेणा संघर्ष याच चौकासाठी झाला. प्लँक रोडच्या दक्षिणेला, त्याच्याशी जवळजवळ समांतर, एक अर्धवट राहिलेला लोहमार्ग होता. रूळ टाकलेले नव्हते, फक्त भराव आणि खोदकाम झालेले होते. तो बोटाने उथळ चर ओढून दाखवावा आणि त्याच्याविषयी आधी काही बोलू नये. रॅपिडॅन नदी या प्रमाणात आत येत नाही, म्हणून वरच्या कडेला निळ्या रंगाची पट्टी मारून तिथे जर्मॅना आणि एली या दोन उतारांची नावे लिहावीत.

आता रान. जुन्या लोखंडी भट्ट्यांना कोळसा लागतो म्हणून तिथली मूळ झाडे तोडली गेली होती आणि त्यांच्या जागी खुरटी, दाटीवाटीने वाढलेली झाडी, वेली आणि काटेरी झुडपे माजली होती. दाजीपूरच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत शिरून पाहिलेल्या माणसाला पाच पावलांवरचा सोबती कसा दिसेनासा होतो ते ठाऊक असते, आणि तिथे तर लाखाहून अधिक शिपाई अशा रानात रांगा धरून चालायचा प्रयत्न करत होते. हे रान दाखवण्यासाठी हळीव आणि मोहरी मिसळून दाट पेरावी. वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरणी केली आणि सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडले, तर बोटभर उंचीचे हिरवे दाट पीक ऐन वेळी तयार असते. झारीने पाणी घालू नये, बी वाहून एका कोपऱ्यात जमते. पेरताना दोन जागा मोकळ्या सोडाव्यात. टर्नपाइकवर पश्चिमेकडे साँडर्स यांचे शेत, साधारण वीतभर लांब. प्लँक रोडवर लाल खड्याच्या पश्चिमेला चाळीस सेंटिमीटरवर विधवा टॅप यांचे शेत, हातभर अंतरावरून स्पष्ट दिसेल एवढे. अख्ख्या मुलखात अशा उघड्या जागा थोड्याच होत्या.

सैन्यासाठी मावळ्यांची चित्रे वापरू नयेत. ती आपल्या इतिहासाची आहेत आणि त्यांचा मान वेगळा आहे. महाराजांची मूर्ती परंपरेप्रमाणे शेजारच्या किल्ल्यावरच बसवावी. इथे एक दाणा म्हणजे एक हजार माणसे असे धरून उत्तरेच्या, म्हणजे संघीय सरकारच्या, फौजेसाठी निळ्या रंगात बुडवलेले चिंचोके आणि दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, फौजेसाठी राखाडी रंगाचे पावटे घ्यावेत. उत्तरेचे सैन्य एक लाख वीस हजारांच्या आसपास आणि दक्षिणेचे पासष्ट हजारांच्या आसपास होते, त्यामुळे १२० चिंचोके आणि ६५ पावटे पुरतात. हे दाणे मांडले की ते हिरव्या कोंबांत जवळजवळ नाहीसे होतात. मुले हटकून तक्रार करतील की सैन्य दिसत नाही. कोंब कापून टाकू नयेत. पाहणाऱ्याला गुडघ्यावर बसवून मातीच्या पातळीवरून पाहायला लावावे, आणि मग त्याला सांगावे की दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना त्या दिवशी एवढेच दिसत होते; समोरच्या बंदुकांचा आवाज आणि धूर यांवरूनच शत्रू कुठे आहे याचा अंदाज बांधावा लागत होता. सांगणाऱ्याच्या सोयीसाठी मात्र प्रत्येक कोअरची, म्हणजे फौजेच्या मोठ्या विभागाची, टाचणीवर लावलेली कागदी पताका तिच्या सेनानीच्या नावाने ठेवावी. उत्तरेच्या फौजेत हँकॉक, वॉरन, सेज्विक आणि बर्नसाइड. दक्षिणेच्या फौजेत यूएल, हिल आणि लाँगस्ट्रीट. सेनापतींची नावे जाड अक्षरांत असावीत: दक्षिणेचा रॉबर्ट ली आणि उत्तरेचा युलिसिस ग्रँट. पोटोमॅकची फौज या नावाच्या उत्तरेच्या मुख्य फौजेचा नेमलेला सेनापती जॉर्ज मीड होता, परंतु मार्च १८६४ मध्ये सर्व संघीय सैन्यांचा प्रमुख झालेला ग्रँट स्वतः त्या फौजेसोबत राहत होता.

काही चिंचोके नदीच्या पट्टीजवळ, सामानाच्या गाड्यांसोबत ठेवायला विसरू नये. बर्नसाइडच्या कोअरमधील फेरेरो यांची डिव्हिजन (कोअरचा एक भाग) कृष्णवर्णीय सैनिकांची होती आणि या लढाईत तिच्याकडे गाड्यांच्या तांड्याचे रक्षण सोपवलेले होते. हे युद्ध गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटले होते, आणि ती नष्ट केल्याबद्दल महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ सालचा आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. शाहू महाराजांच्या नगरीत हा देखावा पाहायला येणाऱ्यांना हा धागा सांगितला की व्हर्जिनियातील रानाशी आपला काय संबंध, हा प्रश्न उरत नाही.

दाणे हलवून दाखवण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. सुरुवात ४ मेपासून करावी. चिंचोके दोन्ही उतारांवरून खाली आणून रानाच्या मधोमध थांबवावेत. ग्रँट आणि मीड यांना रान लवकर ओलांडून मोकळ्या मैदानात लीला गाठायचे होते, परंतु हजारो गाड्यांचा तांडा मागे पडू नये म्हणून फौज रात्री रानातच थांबली. लीला हेच हवे होते. अशा जागी दुप्पट सैन्य आणि भरपूर तोफखाना यांचा फायदा बराच कमी होतो. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज शिवाजी महाराजांनी रानात कोंडली होती, ती गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, म्हणून लीचा हेतू समजावताना तिचा आधार घ्यावा. मात्र उंबरखिंडीचा निकाल स्पष्ट लागला आणि इथे तो लागला नाही, हा फरकही लगेच सांगावा.

५ मेच्या दुपारी एकच्या सुमारास वॉरनचे चिंचोके साँडर्सच्या शेतात उतरवावेत. शेताच्या पश्चिम कडेला यूएलचे पावटे झाडीत दबा धरून असावेत. उघड्या शेतातून धावत गेलेल्या शिपायांना जबर मार बसला. इथे हल्ला करणारे चिंचोके पुढे नेऊन पुन्हा पूर्व कडेला परत आणावेत. त्याच दिवशी दक्षिणेकडे हिलचे पावटे प्लँक रोडवरून लाल खड्याकडे सरकवावेत. तो चौक हातचा गेला असता तर हँकॉकची कोअर बाकीच्या फौजेपासून तुटली असती. उत्तरेच्या गेटीच्या डिव्हिजनने आधी धावत येऊन तो धरून ठेवला आणि संध्याकाळी हँकॉक येऊन मिळाला, म्हणून चौक वाचला. अंधार पडेपर्यंत इथे लढाई चालली. या टप्प्यावर दोन्ही रस्त्यांवरची स्थिती शांतपणे दाखवून पाहणाऱ्यांना विचारावे की आत्ता कोणाचे वर्चस्व आहे. उत्तरे वेगवेगळी येतील आणि त्यांतले कोणतेही खोडू नये.

६ मे हा या देखाव्याचा गाभा आहे आणि त्यासाठी अर्ध्याहून अधिक वेळ राखून ठेवावा. पहाटे पाच वाजता हँकॉकचे चिंचोके प्लँक रोडवरून पश्चिमेकडे ढकलावेत. रात्री हिलच्या थकलेल्या पलटणींनी रांगा नीट केल्या नव्हत्या, कारण सकाळी लाँगस्ट्रीट येऊन त्यांची जागा घेणार अशी अपेक्षा होती. त्यांची फळी मोडली आणि ती टॅपच्या शेतापर्यंत मागे आली. लीजवळ तिथे तोफांच्या एका ओळीखेरीज फारसे काही उरले नव्हते. लाँगस्ट्रीटचे पावटे तोवर देखाव्याच्या बाहेर, एका वाटीत वेगळे ठेवलेले असावेत, आणि नेमके याच क्षणी ते पश्चिम कडेवरून आत आणावेत. पाहणारी मुले इथे हमखास पुढे सरकतात.

टेक्सास ब्रिगेडसाठी (ब्रिगेड म्हणजे डिव्हिजनचा एक भाग) एकच पावटा वेगळा काढून ठेवावा. ग्रेग यांच्या या ब्रिगेडमध्ये सुमारे आठशे शिपाई होते. ली स्वतः घोडा पुढे घालून त्यांच्यासोबत हल्ल्यात उतरू लागला, तेव्हा शिपायांनी त्याला अडवले आणि मागे जायला लावले. मग ते पुढे गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पडले. तो पावटा आधी भिजवून ठेवलेला असेल तर या वेळी तो पाहणाऱ्यांसमोर सोलून त्याचे एक दल काढून घ्यावे आणि उरलेले दल शेतात परत ठेवावे. हजारांचे आकडे सांगून जे पोहोचत नाही, ते हे अर्धे दल पाहून पोहोचते.

सकाळी अकराच्या सुमारास तो बोटाने ओढलेला चर कामाला येतो. लाँगस्ट्रीटने त्या अर्धवट लोहमार्गाच्या आडोशाने चार ब्रिगेड हँकॉकच्या डाव्या बगलेवर पाठवल्या. चार-पाच पावटे चरातून पूर्वेकडे नेऊन अचानक उत्तरेकडे वळवावेत आणि हँकॉकचे चिंचोके लाल खड्यापर्यंत मागे आणावेत. यानंतर थोडे थांबावे. विजयाच्या ऐन भरात, गोंधळलेल्या झाडीत, लाँगस्ट्रीटला त्याच्याच बाजूच्या शिपायांच्या गोळ्या लागल्या. तो गंभीर जखमी झाला आणि सोबतचा जनरल जेंकिन्स मारला गेला. वर्षभरापूर्वी याच रानाच्या पूर्वेकडे, चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत, स्टोनवॉल जॅक्सनही अशाच प्रकारे आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जखमी होऊन पुढे मरण पावला होता. लाँगस्ट्रीटची पताका इथे आडवी करावी. हल्ला विस्कळीत झाला, तो पुन्हा जुळवायला लीला चारपर्यंत वेळ लागला, आणि तोपर्यंत हँकॉकच्या माणसांनी ब्रॉक रोडवर लाकडांचे मोर्चे पक्के केले होते. त्या मोर्च्यांना मध्येच आग लागली, काही जागी दक्षिणेचे शिपाई आतही शिरले, पण त्यांना मागे रेटण्यात आले. संध्याकाळी उत्तर टोकाला दक्षिणेच्या गॉर्डनने सेज्विकच्या उजव्या बगलेवर हल्ला चढवला आणि दोन जनरल पकडले, पण अंधारामुळे तोही थांबला.

आगीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. बंदुकींच्या ठिणग्यांनी वाळलेला पाचोळा पेटला आणि हलता न येणारे जखमी शिपाई, दोन्ही बाजूंचे, त्यात जिवंत जळाले. देखाव्यात खरी आग लावू नये, आणि या मातीवर फटाके तर मुळीच उडवू नयेत. मुलांना त्याचे कारण मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे. चुलीतली चाळलेली राख साँडर्सच्या शेतावर आणि ब्रॉक रोडच्या कडेने कोंबांवर भुरभुरावी, तेवढे पुरते.

त्यानंतर दाणे उचलायचे. उत्तरेचे नुकसान १७,६६६ नोंदलेले आहे, त्यांपैकी २,२४६ ठार. दक्षिणेचे सुमारे ११ हजार. म्हणून अठरा चिंचोके आणि अकरा पावटे काढून दोन वाट्यांत ठेवावेत. नुसत्या वाट्या पाहिल्या तर उत्तर हरली असे वाटते. मग सुरुवातीच्या एकूण दाण्यांशी तुलना करून दाखवावी: चिंचोक्यांत साधारण सातांमागे एक गेला, पावट्यांत सहांमागे एक. ग्रँटला नवे शिपाई मिळू शकत होते आणि लीला ते मिळणे दिवसेंदिवस कठीण होत होते. मोठ्या मुलांनी हा भागाकार पाहणाऱ्यांसमोर पाटीवर करावा. ‘अनिर्णित’ हे विशेषण ऐकून काहीच घडले नाही असा समज होतो, तो या आकड्यांनी दूर होतो.

“मग जिंकलं कोण?” हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर देण्याआधी ७ मे दाखवावा. त्या दिवशी मोठा हल्ला कोणीच केला नाही. दोन्ही फौजा मोर्च्यांमागे बसून होत्या. आधीचे संघीय सेनापती अशा मारानंतर नदी ओलांडून परत गेले होते, वर्षभरापूर्वी हूकरने हेच केले होते, आणि शिपायांनाही तसेच होणार असे वाटत होते. रात्री कूच सुरू झाले. चिंचोके वर निळ्या पट्टीकडे नेता नेता थांबावे, आणि मग ब्रॉक रोडवरून खाली, आग्नेयेकडे वळवावेत. फौज दक्षिणेकडे निघाली आहे हे उमगताच थकलेल्या शिपायांनी ग्रँटला पाहून जयघोष केला. उत्तर देताना एवढे म्हणावे की जमिनीवर कोणीही जिंकले नाही, लीने दुप्पट फौजेला रानात रोखून धरले, आणि ग्रँटने माघार घेतली नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एकच निवडण्याचा आग्रह पाहणाऱ्याने धरला तरी सांगणाऱ्याने तो मानू नये.

जागा असेल तर पुढचा टप्पाही मांडता येतो. स्पॉटसिल्व्हेनिया कोर्ट हाउस हे गाव तिथून सुमारे पंधरा किलोमीटर आग्नेयेला होते, म्हणजे आपल्या प्रमाणात पावणेचार मीटर. बहुतेक अंगणांत ते फाटकापाशी येईल. तिथे एक छोटी पाटी ठेवून तिच्यावर आधी पावटे पोहोचवावेत, कारण लाँगस्ट्रीटच्या जागी आलेल्या अँडरसनची माणसे ८ मेच्या सकाळी चिंचोक्यांच्या आधी तिथे जाऊन बसली होती, आणि पुढचे दोन आठवडे त्या गावाभोवती लढाई चालू राहिली.